वेगळे नाव ठेवताना: देवनागरी रूप, इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मनोंदणी यांचा योग्य क्रम

माझ्या नात्यातल्या एका मुलीचे नाव ऋजुता आहे. तिच्या जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग अचूक आहे, पण मराठी रकान्यात ‘रुजुता’ छापले गेले आहे. शाळेत नाव घालताना लिपिकाने तो दाखला समोर ठेवून रजिस्टरमध्ये ‘रुजूता’ लिहिले. घरी आणि बारशाच्या पत्रिकेवर अर्थातच ऋजुता होते. सहा वर्षांच्या मुलीच्या नावाची अशी तीन रूपे झाली. नाव निवडताना घरच्यांनी दोन महिने विचार केला होता, मात्र ते कागदावर उतरवण्याचे काम दवाखान्यातून घरी निघण्याच्या गडबडीत, एका चिठ्ठीवर, पाच मिनिटांत उरकले गेले.

परिचित नाव लिहिणारा सवयीने बरोबर लिहितो आणि अपरिचित नाव लिहिणारा अंदाजाने लिहितो. त्यामुळे वेगळे नाव ठेवायचे असेल, तर तो अंदाज करण्याची वेळ कोणावरही येऊ नये, एवढी तयारी पालकांनीच करावी लागते. बहुतेक घरांत ही तयारी उलट्या क्रमाने होते: आधी इंग्रजी स्पेलिंग आकर्षक वाटते, मग त्यावरून देवनागरी रूप ठरते आणि अर्थ सर्वांत शेवटी शोधला जातो. खाली दिलेला क्रम अर्थ, उच्चार, देवनागरी रूप, इंग्रजी स्पेलिंग, पूर्ण नाव आणि त्यानंतर नोंदणी असा आहे. इंग्रजी अक्षरे आपण फोनवर जशी सांगतो, तशीच या लेखात लिहिली आहेत. नियमांचे उल्लेख महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकांपुरते आहेत.

सुरुवातीची तयारी: किती वेळ हातात आहे?

घाईचे मूळ एका गैरसमजात आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते, म्हणून नावही २१ दिवसांत ठरलेच पाहिजे, असे अनेकांना वाटते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार २१ दिवसांची मुदत जन्माच्या नोंदीसाठी आहे. नावाचा रकाना रिकामा ठेवून जन्माची नोंद करता येते आणि नाव नंतर भरता येते. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव कळवल्यास त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. १५ वर्षे थांबावे असे मी मुळीच सुचवत नाही, कारण लस, आधार आणि शाळाप्रवेश यांसाठी नाव लवकर लागते. मात्र नावाबद्दल मनात थोडीही शंका असेल, तर दवाखान्यातील अर्जावर कच्चे नाव लिहून देण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवणे केव्हाही चांगले.

याचे कारण असे, की रिकामा रकाना भरणे सोपे असते आणि भरलेला रकाना बदलणे अवघड असते. त्याच अधिनियमातील दुरुस्तीची तरतूद चुकीच्या नोंदीसाठी आहे, बदललेल्या मतासाठी नाही. ‘आम्ही असेच लिहून दिले होते, पण आता दुसरे आवडते’ हे कारण दुरुस्तीसाठी पुरेसे ठरत नाही.

तयारीसाठी पुढील गोष्टी आधीच एकत्र ठेवाव्यात: आईचे आणि वडिलांचे आधार कार्ड, असल्यास पासपोर्ट, आणि या कागदपत्रांवरील दोघांच्या नावांचे व आडनावाचे नेमके स्पेलिंग. बाळाच्या नावाकडे सर्वांचे लक्ष असते, त्यामुळे चूक पुष्कळदा आईच्या नावात किंवा आडनावात राहून जाते. ‘गायकवाड’ या एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे प्रचलित आहेत. बाळाच्या दाखल्यावर वडिलांच्या आधारपेक्षा वेगळे स्पेलिंग आले, तर पुढे प्रत्येक ठिकाणी त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. विवाहापूर्वीचे नाव कायम ठेवलेल्या आईने आपले कोणते नाव नोंदवायचे, हेही याच टप्प्यावर ठरवावे.

टप्पा १: अर्थाची खात्री

नावांच्या याद्यांमध्ये दिलेले अर्थ एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवलेले असतात आणि मूळ चूक तशीच पुढे जाते. ‘आरव’ या नावाचा अर्थ अनेक याद्या ‘शांत’ असा देतात. संस्कृतात ‘रव’ म्हणजे आवाज, आणि ‘आरव’ म्हणजे मोठा आवाज किंवा ओरड. नाव कानाला गोड आहे आणि ते ठेवायला काहीच हरकत नाही, मात्र मुलाने मोठेपणी अर्थ विचारल्यावर खरे उत्तर देता आले पाहिजे.

याहून मोठा धोका नव्याने जुळवलेल्या किंवा एखादे अक्षर बदलून केलेल्या नावांत असतो. ‘अमृता’ खूप झाले म्हणून कोणी ‘अनृता’ सुचवले, तर एका अक्षराच्या फरकाने अर्थ अमृताऐवजी असत्याकडे जातो, कारण ‘अनृत’ म्हणजे खोटे. ‘निरय’ आजच्या मुलांच्या नावांत सहज शोभेल असे वाटते, पण त्याचा अर्थ नरक. ‘अमर्ष’ म्हणजे क्रोध किंवा असहनशीलता. ही तिन्ही नावे उच्चारून पाहावीत, म्हणजे निव्वळ नादावर विसंबणे किती घातक आहे ते लक्षात येईल.

म्हणून प्रत्येक नाव छापील शब्दकोशात शोधावे: संस्कृतातून आलेले नाव संस्कृत कोशात, फार्सी किंवा अरबीतून आलेले त्या भाषेच्या कोशात किंवा ती भाषा जाणणाऱ्याकडे. आई-वडिलांच्या नावांतील अक्षरे जोडून तयार केलेले नाव कोशात सापडणार नाही, आणि त्यात गैर काही नाही. अशा नावाला उगाच एखादा संस्कृत अर्थ चिकटवू नये. ते कसे जुळले, हीच त्याची खरी गोष्ट आहे. मात्र तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आधीच अस्तित्वात नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

*तपासणी:* शब्द कोशात नेमक्या याच ऱ्हस्व-दीर्घासह आणि याच लिंगात आहे का? विशेषण असल्यास मुलासाठी आणि मुलीसाठी त्याचे रूप बदलते का? ‘चिन्मय’ आणि ‘चिन्मयी’ यांतील फरक सर्वांना माहीत असतो. अपरिचित शब्दात तो चटकन लक्षात येत नाही.

टप्पा २: उच्चाराची कसोटी

नाव आठ-दहा दिवस घरात मोठ्याने वापरून पाहावे. दुसऱ्या खोलीतून हाक मारावी, आडनावासह म्हणावे, फोनवर सांगावे. नावाचे शेवटचे अक्षर आणि आडनावाचे पहिले अक्षर एकच असेल, तर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून ऐकू येतात. ‘निनाद देशमुख’ असे भरभर म्हणून पाहिल्यास हे चटकन कळते. एवढ्या कारणासाठी नाव सोडून द्यावे असे नाही, पण ते माहीत असावे.

चार-पाच अक्षरांचे जोडाक्षरी नाव असेल, तर घरात आणि शाळेत त्याचे छोटे रूप आपोआप तयार होणार. ते रूप आपल्याला चालेल का, हा प्रश्न आधीच विचारावा. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला ते नाव म्हणायला सांगावे. दोघांनाही ते जमले, तर उच्चाराची बाजू भक्कम आहे.

टप्पा ३: देवनागरी रूप पक्के करणे

हा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आपले नाव मराठीत कसे लिहायचे हे आपल्याला ठाऊकच आहे असे वाटते, आणि कागदावर लिहायला घेतल्यावर नवरा-बायकोची दोन वेगळी रूपे निघतात.

एका कोऱ्या कागदावर नाव मोठ्या अक्षरांत लिहावे आणि त्याखाली प्रत्येक अक्षराची फोड शब्दांत लिहावी. उदाहरणार्थ, मृण्मयी: म ला ऋकार, अर्धा बाणातला ण, म, य ला दुसरी वेलांटी. अशी फोड केली, की शंकेच्या सगळ्या जागा आपोआप उघड्या पडतात. ण की न? अर्धे अक्षर की अनुस्वार? ऋकार की र ला उकार? साधा स, शहामृगातला श की पोटफोड्या ष?

शेवटच्या वेलांटीबद्दल मराठीचा नियम स्पष्ट आहे. संस्कृतातून आलेल्या ऱ्हस्वान्त शब्दांचा अन्त्य इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात. म्हणून ‘गति’ची ‘गती’ होते आणि ‘कवि’चा ‘कवी’. त्याच नियमाने अदिती, श्रुती, प्रणती ही मराठी रूपे होत. हिंदीत हीच नावे ऱ्हस्व लिहितात, आणि नावांच्या बऱ्याच याद्या हिंदीतून उतरवलेल्या असल्यामुळे मराठी घरांतही ‘अदिति’ येऊ लागले आहे. पालकांना ऱ्हस्व रूपच हवे असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे; मात्र मग ते प्रत्येक कागदावर आग्रहाने तसेच लिहावे लागेल, कारण मराठी लिहिणारा लिपिक सवयीने दुसरी वेलांटी देणार.

काही अक्षरे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या दृष्टीने वेगळी असतात. ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही टाइप होते आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. कागदावर फरक दिसत नाही, पण शोधताना एक नोंद सापडते आणि दुसरी सापडत नाही. अशा अक्षराने सुरू होणारे नाव असल्यास शोध नेहमी दाखल्याच्या क्रमांकावरून करावा.

*सावधान:* इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरी रूप ठरवू नये. ऋजुताच्या बाबतीत हीच गफलत झाली होती. अनेक ठिकाणी नाव आधी इंग्रजीत टाइप केले जाते आणि मराठी रूप संगणक आपोआप पुढे करतो. आर-यू ही अक्षरे पाहून संगणक ‘रु’ लिहितो. त्याच्या जागी ‘ऋ’ आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

टप्पा ४: इंग्रजी स्पेलिंग ठरवणे

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते: वेगळेपण नावात असावे, स्पेलिंगमध्ये नसावे. दुर्मीळ नाव आणि साधे स्पेलिंग ही जोडी आयुष्यभर सुखाने चालते. साधे नाव आणि दुर्मीळ स्पेलिंग असेल, तर त्या मुलाला प्रत्येक काउंटरवर आपले नाव अक्षर-अक्षर करून सांगावे लागते.

अडचण अशी, की मराठीतील अनेक ध्वनींना इंग्रजीत एकच ठरलेले अक्षर नाही. मृण्मयीचेच उदाहरण घेऊ. ऋकारासाठी आर-यू किंवा आर-आय हे दोन पर्याय. शेवटच्या ‘यी’साठी वाय-आय, वाय-ई-ई किंवा नुसते आय हे तीन. दोन गुणिले तीन म्हणजे सहा स्पेलिंगे, आणि सहाही वापरात दिसू शकतात. यांपैकी एकच आपले.

निर्णय घेण्याच्या मुख्य जागा अशा आहेत.

‘आ’साठी एक ए की दोन? एकाच नावात सर्वत्र दोन ए दिले, तर नाव अकारण लांबते. जिथे एका ए-मुळे वेगळेच नाव वाचले जाण्याची शक्यता आहे, तिथेच दुसरा ए द्यावा.

‘ई’साठी आय की दोन ई, आणि ‘ऊ’साठी यू की दोन ओ? दोन्ही चालतात. भावंडांच्या नावांत एकच पद्धत ठेवली, तर घरातल्यांच्या हातून चुका कमी होतात.

‘व’साठी व्ही की डब्ल्यू? आडनावात जे आहे ते नावातही ठेवावे, म्हणजे लिहिणाऱ्याचा हात अडखळत नाही.

‘ज्ञ’चा प्रश्न खास आहे. मराठी उच्चार ‘द्न्य’ असा असल्याने आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदी भाषक जी-वाय लिहितात आणि संस्कृत लिप्यंतराच्या पद्धतीत जे-एन येते. ज्ञानदा, प्रज्ञा, यज्ञेश अशा नावांत उच्चार मराठीच राहावा असे वाटत असेल, तर डी-एन-वाय हाच पर्याय योग्य. मात्र मराठी न जाणणारे लोक तो अडखळत वाचतील, हे गृहीत धरावे.

‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील फरक नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दाखवता येत नाही. दक्षिणेत ‘त’साठी टी-एच लिहितात, म्हणून ते सुंदर दिसते असे समजून काही मराठी पालक तसे लिहितात, पण मराठी वाचणारा टी-एच पाहून ‘थ’ किंवा ‘ठ’ म्हणतो.

शेवटचा ए हा स्वतंत्र विषय आहे. विहान, निनाद, अर्णव यांसारख्या साध्या व्यंजनाने संपणाऱ्या नावांना शेवटी ए लावू नये. लावल्यास मुलाचे नाव मुलीसारखे वाचले जाते. शौर्य, आर्य, तीर्थ यांसारख्या जोडाक्षराने संपणाऱ्या नावांत तो ए बहुधा द्यावाच लागतो, आणि मग ‘शौर्या’ असा उच्चार होण्याची तयारी ठेवावी लागते. हे टाळायचेच असेल, तर शेवटी जोडाक्षर नसलेले नाव निवडणे हा एकच खरा उपाय आहे.

अंकशास्त्रासाठी एखादे अक्षर दुप्पट करायचे असल्यास ते याच टप्प्यावर करावे, दाखला निघाल्यानंतर नाही. अनेक घरांत दाखल्यावर एक स्पेलिंग, मग कोणाच्या तरी सल्ल्याने एक जास्तीचे अक्षर आणि मग प्रत्येक कागदावर दुरुस्ती, असा प्रवास झालेला मी पाहिला आहे. सल्ला घ्यायचाच असेल, तर नोंदणीच्या आधी घ्यावा आणि नंतर तो विषय कायमचा मिटवावा.

एखादे अक्षर मोठे-लहान करून, मध्ये उद्गारचिन्ह, वरचा स्वल्पविराम किंवा जोडरेषा घालून वेगळेपण आणण्याचा मोह टाळावा. पासपोर्टवर खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात; आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यांत केवळ ए ते झेड ही मोठी अक्षरे, अंक आणि रिकामी जागा भरणारे एक चिन्ह चालते. वरचा स्वल्पविराम तिथे गळून पडतो आणि जोडरेषेच्या जागी ते भरणचिन्ह येते. म्हणजे जे वेगळेपण आपण हौसेने आणले, ते सर्वांत महत्त्वाच्या कागदावर उरतच नाही.

अक्षरांचा आकारही पाहावा. अर्णव हे नाव लहान इंग्रजी अक्षरांत लिहिले, की आर आणि एन जवळ येऊन एम सारखे दिसतात, आणि वाचणारा ‘अमव’ वाचतो. इरा लिहिताना मोठा आय हा लहान एल सारखा दिसतो. ही नावे अवश्य ठेवावीत. अर्ज मात्र नेहमी मोठ्या अक्षरांत, सुटे सुटे लिहून भरावा.

टप्पा ५: दोन चाचण्या

पहिली चाचणी ऐकून लिहिण्याची. नाव माहीत नसलेल्या पाच जणांना फोनवर ते नाव एकदाच सांगावे आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगावे. दुसरी चाचणी वाचून म्हणण्याची. आपण ठरवलेले स्पेलिंग दुसऱ्या पाच जणांना लिहून पाठवावे आणि त्यांना ते नाव बोलून दाखवायला सांगावे. त्यांपैकी निदान दोघे मराठी न बोलणारे असावेत.

पहिल्या चाचणीत पाचपैकी तिघा-चौघांनी एकच स्पेलिंग लिहिले आणि ते आपल्यापेक्षा वेगळे असले, तर आपला हट्ट सोडून त्यांचे स्पेलिंग घ्यावे, कारण पुढची सत्तर वर्षे हे नाव ऐकून लिहिणारे लोक तसेच लिहिणार आहेत. पाचही जणांनी पाच प्रकारे लिहिले, तर दुसऱ्या चाचणीच्या निकालावरून ठरवावे: जे स्पेलिंग पाहून बहुतेकांचा उच्चार बरोबर येतो, ते आपले. दोन्ही चाचण्यांत कोणालाच जमले नाही, तर नावाचा पुन्हा विचार करावा. हे कठोर वाटेल, पण नाव वापरणारे आपण नसून ते मूल आहे.

*तपासणी:* चाचणीचे निकाल कागदावर उतरवून ठेवावेत. घरात मतभेद झाल्यास हा कागद उपयोगी पडतो.

टप्पा ६: पूर्ण नाव मांडून पाहणे

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. त्यामुळे पूर्ण नाव आता चार शब्दांचे झाले आहे, आणि लांबीचा विचार पूर्वीपेक्षा जास्त करावा लागतो.

पासपोर्टवरील यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात, मधल्या रिकाम्या जागांसह. आडनाव कुलकर्णी असेल, तर आठ अक्षरे आणि त्यापुढच्या दोन रिकाम्या जागा मिळून दहा. मृण्मयी वाय-आय लावून लिहिले, तर आठ अक्षरे, एकूण अठरा. एक रिकामी जागा आणि वैशालीची आठ अक्षरे धरून सत्तावीस. पुन्हा एक जागा आणि चंद्रशेखरची चौदा अक्षरे, म्हणजे बेचाळीस. चारही शब्द दिले, तर शेवटची तीन अक्षरे त्या ओळीत मावणार नाहीत. छापील नाव वर पूर्ण असते, म्हणून यात घाबरण्यासारखे काही नाही. पण आई-वडिलांची नावे आधीच लांब असतील, तर बाळाचे नाव आटोपशीर निवडण्यासाठी हे एक ठोस कारण आहे.

पूर्ण नाव लिहिल्यावर आद्याक्षरेही जोडून वाचावीत. चार आद्याक्षरांतून एखादा नको तो शब्द तयार होत नाही ना, हे पाहायला दहा सेकंद लागतात.

टप्पा ७: नावपत्र तयार करणे

तोंडी सांगणे आणि हाताने खरडलेली चिठ्ठी देणे, या दोन गोष्टींमुळे सर्वाधिक चुका होतात. त्याऐवजी एक स्वच्छ नावपत्र तयार करावे. त्यात बाळाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि आडनाव आधी देवनागरीत व खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, शक्यतो चौकटींमध्ये एकेक अक्षर असे लिहावे. शंका येऊ शकेल अशा अक्षराखाली फोड द्यावी: ‘अर्धा ण, न नाही’ किंवा ‘ऋ, रु नाही’. खाली दोघांची सही आणि तारीख घालून तीन प्रती काढाव्यात. एक दवाखान्यात किंवा नोंदणी कार्यालयात द्यावी, एक घरी ठेवावी आणि एकीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.

आजी-आजोबा, मावशी, काका यांपैकी कोणी अर्ज भरायला जाणार असेल, तर ही प्रत त्यांच्या हातात द्यावी. त्यांनी आठवणीतून काही लिहू नये.

टप्पा ८: नोंदणी आणि दाखला घेताना

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेत होते, आई-वडील राहतात तिथे नाही. माहेरी प्रसूती झाली असेल, तर दाखला तिथल्या ग्रामपंचायतीतून, नगरपालिकेतून किंवा महानगरपालिकेतून घ्यावा लागतो, आणि दुरुस्तीही तिथेच होते. दवाखान्यात जन्म झाल्यास माहिती कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, म्हणून नावपत्र तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या व्यक्तीकडे पोहोचले आहे याची खात्री करावी.

माहिती भरली जात असताना शक्य असल्यास पडदा दाखवण्याची विनंती नम्रपणे करावी आणि दोन्ही रकाने वाचावेत: इंग्रजी आणि मराठी. इंग्रजी रकाना बरोबर दिसला, की लोक निश्चिंत होतात. चूक शेजारच्या रकान्यात असते. दाखला हातात आल्यावर कार्यालयाच्या बाहेर पडण्याआधी नावपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहावे, आणि नाव शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावे. सरळ वाचताना डोळा ओळखीचे नाव पाहतो, छापलेले पाहत नाही.

*सावधान:* ‘एका वेलांटीने काय होते’ असे म्हणून चुकीचा दाखला स्वीकारू नये. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा खूप वाढले आहे. शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना यांसाठी तो जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे, आणि पासपोर्टसाठी या मुलांच्या जन्मतारखेचा तोच एकमेव मान्य पुरावा आहे. त्यावरील एक चुकीची वेलांटी पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते.

टप्पा ९: पुढच्या कागदपत्रांचा क्रम

जन्मदाखला पूर्णपणे अचूक झाल्याशिवाय आधारसाठी जाऊ नये. पाच वर्षांखालील बालकाचे आधार आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडून निघते आणि त्या वेळी बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. मात्र नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते. बाळाच्या चुकीच्या स्पेलिंगसाठी त्यातली एक संधी पहिल्याच वर्षी खर्च होणे परवडणारे नाही. नोंदणी केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवर मराठी नाव वाचून पाहावे, कारण तिथेही मराठी रूप इंग्रजीवरून आपोआप तयार होते.

आधारनंतर बँक खाते, पासपोर्ट आणि शाळा. शाळेत प्रवेशअर्जाबरोबर जन्मदाखल्याची प्रत देतानाच जनरल रजिस्टरमध्ये नाव कसे लिहिले गेले ते पाहण्याची विनंती करावी. विद्यार्थ्याची माहिती पुढे यूडायस प्लस या देशभरातील शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीत जाते, आणि अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, काढताना शाळेतील नाव व आधारवरील नाव जुळावे लागते. पहिलीत पाच मिनिटे दिली, तर दहावीच्या अर्जाच्या वेळी धावपळ होत नाही.

चूक झालीच असेल तर

चूक कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखावे. लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक, म्हणजे नावपत्रावर किंवा दवाखान्याच्या अर्जावर बरोबर आणि दाखल्यावर चुकीचे, असे असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे लेखी अर्ज करावा आणि मूळ अर्जाची प्रत जोडावी. नोंदीच्या आशयातच चूक असल्यास वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचे निवेदन लागते. दुरुस्ती समासात नोंदवली जाते. मूळ नोंद खोडली जात नाही. म्हणून दुरुस्त दाखला मिळाल्यावर जुन्या सर्व प्रती बाजूला काढून त्यांवर ‘जुनी प्रत’ असे ठळक लिहावे, नाहीतर घाईत नेमकी तीच पुढे केली जाते.

पालकांचे मतच बदलले असेल आणि नोंद मुळात चुकीची नसेल, तर मार्ग लांबचा आहे: प्रतिज्ञापत्र आणि शासकीय राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी. राजपत्रातील प्रसिद्धीने आधीची कागदपत्रे आपोआप बदलत नाहीत. त्या प्रसिद्धीची प्रत जोडून प्रत्येक कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. मूल शाळेत जाण्याआधी हे केल्यास दोन-तीन कागदांवर काम भागते, आणि दहावीनंतर केल्यास ती यादी बरीच लांबते.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा आणि शेवटी बाकीचे. ऋजुताच्या घरच्यांनी सुरुवात शाळेपासून केली होती आणि शाळेने साहजिकच जन्मदाखला मागितला. आता दाखल्यावर ‘ऋ’ आला आहे, आधारसाठी अर्ज गेला आहे, आणि रजिस्टरमधल्या नोंदीसाठी तिचे वडील नावपत्राची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटणार आहेत.